स्टॉपरचा डावा कान

वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न : काका, मी कोल्हापूरचा, वय २४. जूनपासून नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. गावाकडं पेठेच्या फुटबॉल टीममधून चार वर्षं राइट विंग खेळलो, उजव्या कडेनं पुढं. इथं ऑगस्टमध्ये एका क्लबात शिरलो, खालच्या डिव्हिजनला खेळतो. पोरं वाईट नाहीत, पण सगळी शाळेपासूनची एकत्र. मला नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं 'ए कोल्हापूर'. बॉल मागून मागून घसा बसतो, पास काही येत नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळची प्रॅक्टिस बुडते, मग रविवारी बेंचवर. गेल्या दोन मॅचला तर कोचनं राइट बॅकला टाकलं. मी डिफेंडर न्हवं! गावाकडची टीम म्हणते, जानेवारीत येऊन दोन मॅच मार. जाऊ का? का इथलंच सोडू?
— अ. पा., अंबड

उत्तर : शाहू स्टेडियमवर खेळलेल्या पोराला इथलं मैदान सुनंसुनं वाटणारच. तिकडे पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा ही नुसती टीमची नावं नाहीत, नावामागे अख्खी पेठ उभी असते. दोन माणसं कापून बॉल काढलास की गॅलरी उठते. आपल्याकडे खालच्या डिव्हिजनच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू, कुणाची तरी बायको आणि फिरायला आलेले दोन आजोबा. आजोबाही टचलाइनच्या आतून चालतात.

आता माझं ऐक. मी १९८७ साली मनमाडहून सातपूरला टूलरूमला लागलो. मनमाडला रेल्वे कॉलनीत खेळून मोठा झालेला, डोक्यात हवा भरपूर. इथल्या टीमनं लेफ्ट बॅकला घेतलं. माझ्या शेजारी स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, होता तो दुसऱ्या कंपनीतला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी बोंबलायचो, 'दे, दे, मोकळा आहे!' तो पठ्ठ्या ढुंकून बघायचा नाही, बॉल उजवीकडे नाहीतर सरळ वर. दोन महिने मी मनात धरून होतो की बाहेरगावचा म्हणून मला टाळतोय. मॅच झाली की सगळे टपरीवर चहाला जायचे, मी सायकल काढून घरी.

एका रविवारी सायकलची चेन तुटली. तो म्हणाला, बस मागं. मी कॅरिअरवर बसून अर्धा रस्ता बोलतोय आणि हा कशालाच ओ देत नाही. शेवटी त्र्यंबक रोडला थांबला, मान वळवून म्हणाला, 'उजव्या अंगानं बोल भो, डावा कान प्रेसनं खाल्लाय.' अकरा वर्षं पॉवर प्रेसच्या धडधडाटात काढली होती त्यानं, कानात बोळे घालायची तेव्हा कुणाला सवय नव्हती. मी लेफ्ट बॅक, त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे दोन महिने नेमका त्याच कानात ओरडत होतो.

पुढच्या मॅचपासून ओरडणं बंद, हात वर करायला लागलो. पास यायला लागले. नीट नाही आले, त्याचा डावा पायही कानासारखाच होता.

तुझ्या टीममध्ये तसं कुणी असेल असं म्हणत नाही. पण तुझ्या पत्रात एकाही पोराचं नाव नाही, ना कोण कुठल्या पायानं खेळतो हे. 'सगळी एकत्र' एवढंच. तुला नावानं हाक मारत नाहीत, आणि तू? आपल्या मिडफिल्डरला तरी एवढं विचार, की मी पायात बॉल मागतो, तुला कुठे द्यायला बरं पडतं? माझा अंदाज असा : तू पेठेतल्या सवयीनं लाइनला चिकटून बॉल पायात मागतोस, आणि इथली पोरं विंगला बॉल पुढे, बॅकच्या पाठीमागे टाकतात. त्यांनी टाकला तेव्हा तू पळालाच नाहीस, असं त्यांच्या बाजूनं दिसत असेल. हे मैदानावर सुटत नाही. मॅचनंतर मिसळीला बस. काळ्या मसाल्याचा रस्सा तुला तुमच्या कटापुढे फिका वाटेल, तेवढं मात्र तोंडानं बोलू नकोस.

'ए कोल्हापूर'चं मनावर घेऊ नकोस. मला सहा वर्षं 'मनमाड' म्हणायचे. लग्नाची पत्रिका दिली तेव्हा दोघांनी विचारलं, हा कोण?

शिफ्टचं. कोच मनातल्या मनात डोकी मोजत असतो, रविवारी नक्की कोण येणार. नियमानं सातपेक्षा कमी खेळाडूंवर मॅच सुरूच होत नाही. ओव्हरटाइम लागला म्हणून आम्ही आठ जणांवर ९० मिनिटं काढलेली आहेत, देवळालीच्या फौजी पोरांविरुद्ध. स्कोअर विचारू नकोस. म्हणून दर महिन्याला शिफ्टच्या चार्टचा फोटो कोचला आधीच पाठव. 'सर, आज जमणार नाही' हा संध्याकाळी पाचचा मेसेज कुठल्याही कोचला सर्वांत नकोसा.

सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम : आठ मिनिटं हलकं पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं जोरात पळणं. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूचा, हॅमस्ट्रिंगचा व्यायाम तर चुकवूच नकोस. गुडघ्यावर बसायचं, घोटे कुणीतरी धरायचे आणि पाठ ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. रूमवर एकटा असशील तर घोटे जड कॉटखाली अडकव. आठवडाभर बसून रविवारी एकदम स्प्रिंट मारणाऱ्याची हॅमस्ट्रिंग पहिली जाते.

राइट बॅकला मात्र मी कोचच्या बाजूनं आहे. विंगरला काय नको असतं हे तुला ठाऊक आहे, तेच समोरच्याला दे. शिवाय बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकायचा, ते तुझ्या बाजूचे बरेचसे थ्रो-इन तुझ्याच हातात येतील. बॉल येत नाही म्हणतोस ना? आणि थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, तेव्हा पुढच्याला खुशाल पुढे पळव. चार-पाच मॅच खेळ, तोवर तोंड उघडू नकोस.

जानेवारीचं सरळ आहे. खेळाडूची नोंदणी एका वेळी एकाच क्लबकडे राहते. ती आता अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर असते, तेव्हा इकडचं तिकडे कळणार नाही या भ्रमात राहू नकोस. आधी क्लबच्या सेक्रेटरीला विचार, तुझी नोंद आत्ता कुणाकडे आहे. जुन्या क्लबाकडेच राहिली असेल तर ट्रान्सफर करून घे. जानेवारीत जा की, पण गॅलरीत बस.

प्रश्न : मुलगा नाइट करून सकाळी सातला घरी येतो आणि नऊला मॅचला पळतो. नवीन क्लब आहे, नाही म्हणायला लाजतो. जाताना मी दोन पोळ्या आणि उसळ खायला लावते. बरोबर करते ना?
— एक आई, सिडको

उत्तर : ताई, उसळ मॅचनंतर द्या. पोटभर खाणं मॅचच्या तीनेक तास आधी झालेलं बरं, म्हणजे त्याच्या बाबतीत कंपनीच्या कँटीनमध्येच, सहाच्या आत. घरी आल्यावर केळं आणि पाणी पुरे. झोप न झालेला माणूस उशिरा पाय घालतो आणि स्वतःला नाहीतर समोरच्याला लागतं, मला त्याची जास्त काळजी वाटते. त्यानं कोचला सांगावं की नाइटनंतर मला सेकंड हाफला घ्या. लाज वाटत असेल तर हे उत्तर दाखवू दे.

प्रश्न : मी गोलकीपर. नव्या क्लबानं वर्गणी घेतली, जर्सी अजून दिली नाही. जुन्या क्लबाची घातली तर चालेल का?
— रा., सिन्नर

उत्तर : नियम रंगाचा आहे : गोलकीपरचा रंग दोन्ही टीम आणि रेफ्री यांच्यापेक्षा वेगळा हवा. शिनगार्ड सगळ्यांनाच सक्तीचे. पण जुन्या क्लबाचा लोगो रेफ्रीपेक्षा तुझ्या स्टॉपरला जास्त खुपेल. मेन रोडवरून साधी बिनलोगोची घे, भडक केशरी किंवा पोपटी, आणि पावती क्लबच्या कॅशिअरच्या हातात दे.