प्रकाशनगृह काढू नकोस, आधी चलनबुक हातात घे

प्रश्न: मी वर्ध्याची, एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे मामा दरवर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावतात. त्यामुळे दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातले लहान प्रकाशक मला जवळून माहीत आहेत. चांगली पुस्तके छापली जातात आणि गठ्ठे घरात पडून राहतात. मला या प्रकाशकांसाठी काम करायचे आहे. बाबा एसटीतून निवृत्त झाले. ते म्हणतात, बी.एड. कर, फारच हट्ट असेल तर दीड लाख देतो, स्वतःचे प्रकाशन काढ. यावर पोट भरते का? आणि मी काय शिकू?

उत्तर:

बाबांचे दीड लाख रुपये तूर्त बँकेतच राहू देत. या प्रकाशकांकडे पुस्तकांची वाण नाही. लिहिणारे आहेत. वाचणारेही आहेत, हे तू दीक्षाभूमीवर पाहतेसच. तुटलेला आहे तो मधला सांधा, म्हणजे पुस्तक छापून आल्यापासून त्याचे पैसे घरी परत येईपर्यंतचा प्रवास. आज तू प्रकाशन काढलेस तर तोच तुटका सांधा आणखी एका घरात येईल.

हिशेब मांडून बघ. समजा 160 पानांचे पुस्तक आहे, किंमत 200 रुपये, आवृत्ती 500 प्रतींची. कागद, छपाई, मुखपृष्ठ, बांधणी मिळून एका प्रतीला 55 रुपये धर, म्हणजे छापखान्याचे बिल 27,500. दुकानदार किंवा वितरक 40 टक्के सवलत मागतो, म्हणजे हाती येणार 120. त्यातून लेखकाचे 10 टक्के मानधन 20 रुपये आणि टपाल, ने-आण, खराब प्रती यांचे 10 रुपये वजा केले की उरले 35. सगळ्या 500 प्रती दुकानांतून विकल्या तरी हाती 17,500. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि प्रकाशकाचे स्वतःचे पोट, हे सगळे यातच. आता तेच पुस्तक वाचकाला 20 टक्के सवलतीत थेट विकले, तर 160 येतात आणि तेवढेच खर्च वजा जाऊन 75 उरतात. 300 प्रती थेट आणि 200 दुकानांतून गेल्या, तर शिल्लक 29,500.

तरीही हा कागदावरचा नफा झाला. दुकाने पुस्तके ‘विक्री-परत’ बोलीवर घेतात, म्हणजे विकले तर पैसे, नाहीतर प्रती परत. 250 प्रती त्यांच्याकडे गेल्या की 30,000 रुपये उधारीत अडकले, छापखान्याच्या बिलापेक्षा जास्त. ठरलेले तीन महिने सहज सहा-आठ महिन्यांवर जातात. पुस्तक संपलेले, प्रकाशक मात्र पुढच्या पुस्तकाच्या कागदाला महाग. लोकांना वाटते, पुस्तक चालले नाही म्हणून प्रकाशन बंद पडले. बरेचदा चाललेल्या पुस्तकानेच ते बंद पडलेले असते. पैशाची ही ओढाताण जुनीच आहे. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ हे पत्र निघाले त्याला शाहू महाराजांच्या 2,500 रुपयांचा टेकू होता, आणि 3 एप्रिल 1927 ला सुरू झालेले त्यांचेच ‘बहिष्कृत भारत’ 1929 मध्ये आर्थिक अडचणीतच थांबले.

म्हणून सल्ला असा: पहिली दीड-दोन वर्षे तीन-चार प्रकाशकांसाठी मिळून एकच वितरण आणि वसुली सांभाळ. चार पुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशकाला पगारी माणूस परवडत नाही. चौघांना मिळून परवडतो. मोबदला वसूल झालेल्या रकमेवर टक्केवारीने घे. 10 ते 15 टक्के मागणे रास्त आहे. ‘विक्रीवर’ आणि ‘वसुलीवर’ यांतला फरक बोलण्यात सोडू नकोस, लेखी घे. फुकट काम करू नकोस. चळवळीचे काम म्हणून सुरुवातीला सगळेच फुकट करतात, सहा महिन्यांत थकतात, आणि प्रकाशकाचा हिशेब अर्धवट सोडून जातात.

पहिली खरेदी म्हणून तीन प्रतींचे चलनबुक, म्हणजे माल दिल्याच्या पावत्यांचे पुस्तक, आण. पुस्तक कुठेही गेले, मग ते मामांच्या स्टॉलवर का असेना, चलनाशिवाय जायचे नाही. शीर्षक, प्रती, छापील किंमत, सवलत, परत करण्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही एवढे त्यावर हवे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक दुकानाला शिल्लक प्रतींचे पत्रक पाठव. पैसे न देणाऱ्याला नवा माल द्यायचा नाही, हा नियम नात्यातल्या माणसालाही लाव. तिथेच तो पहिल्यांदा मोडतो.

वर्षभराच्या स्टॉलांचे वेळापत्रक तुझ्यासाठी तयारच आहे. 1 जानेवारी कोरेगाव भीमा, 3 जानेवारी सावित्रीबाईंच्या जयंतीला नायगाव, 11 आणि 14 एप्रिल फुले-आंबेडकर जयंतीला गावोगाव, 1 ऑगस्ट अण्णाभाऊंची जयंती, 9 ऑगस्ट आदिवासी दिन, अशोक विजयादशमी आणि 14 ऑक्टोबर नागपूर, 6 डिसेंबर दादर. छपाईची तारीख यावरून उलटी मोज. 6 डिसेंबरला हवे असलेले पुस्तक 10 नोव्हेंबरच्या आत छापखान्यात गेलेच पाहिजे. दिवाळीत बाइंडर सुट्टीवर असतात, हे दर वर्षी कुणीतरी विसरते. स्टॉलवर 200 शीर्षके मांडू नकोस. 30-40 पुरेत, प्रत्येकाची थप्पी मोठी आणि किंमत लांबून वाचता येईल अशी. पुढच्या फळीवर 20 ते 100 रुपयांच्या पुस्तिका ठेव. लांबून आलेला माणूस प्रवासखर्च बाजूला काढून खरेदी करतो आणि पहिल्या पुस्तिकेनंतर दुसऱ्या फळीकडे वळतो. त्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडते, तेव्हा क्यूआर कोडवर विसंबू नकोस. दहा-वीसच्या नोटांचे सुटे पैसे आदल्या दिवशीच आण. आणि येणाऱ्याचा फोन नंबर, गाव, आवडीचा विषय वहीत लिहून घे. त्याची परवानगी घेऊनच. ती वही पुढच्या वर्षी स्टॉलच्या गल्ल्यापेक्षा जास्त कामाला येते. प्रकाशनपूर्व नोंदणी तिच्यातूनच होते.

प्रकाशनपूर्व सवलतीत गोम एकच आहे: पुस्तक अपुरे असताना पैसे घेतले जातात. शेवटचे मुद्रित (प्रूफ) तपासून होईपर्यंत नोंदणी उघडू नकोस आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेव. एकदा चार महिने उशीर झाला की तेच वाचक पुन्हा आगाऊ रक्कम देत नाहीत.

टपालाचेही शिकून घे. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा 1 मे 2025 पासून सुरू आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. पाकीट जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळते. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे. आता गंमत बघ. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची) आकाराचे 160 पानांचे, 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावरचे पुस्तक साधारण 190 ग्रॅम भरते, पाकिटासह आरामात पहिल्या टप्प्यात बसते. 240 पानांचे पुस्तक पाकीट धरून 300 च्या काठावर जाते. पानांची संख्या ठरवताना हे ज्याला माहीत असते त्याचे पैसे वाचतात.

वितरण हातात बसले की निर्मितीकडे वळ. इथे चुका महाग पडतात. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच; डेमी पुस्तकाचा तो 16 पानांचा. 23 बाय 36 इंची पूर्ण कागदात असे दोन बसतात. 160 पाने म्हणजे 10 फर्मे, प्रतीला 5 कागद. 500 प्रतींना 2,500 कागद, म्हणजे 5 रीम, आणि वाया जाणारा धरून साडेपाच. 70 जीएसएमची ही रीम सुमारे साडेअठरा किलोची, तेव्हा कागद झाला शंभर किलोच्या आसपास. इतके येत असेल तर छापखान्याचे कोटेशन तुला वाचता येते. पुस्तक 163 पानांचे झाले तर छापखाना अकरावा फर्मा लावतो आणि 13 कोरी पाने तू विकत घेतेस. अशा वेळी अनुक्रमणिका आवळ, नाहीतर प्रकरणे नव्या पानावर सुरू करण्याचा आग्रह सोड. मुखपृष्ठाचा कणा अंदाजाने करू नये. याच कागदावर 160 पानांना 7-8 मिलिमीटर येतो, पण छापखान्याकडून कोरा नमुना बांधून घेऊन मोजलेला बरा. कागदाचे तंतू कण्याला समांतर नसतील तर पुस्तक उघडे राहत नाही आणि पाने लाटांसारखी होतात. 300 प्रतींच्या आत डिजिटल छपाई, 500 च्या पुढे ऑफसेट. मधल्या टप्प्यात दोन्हींची कोटेशने घे. मोठ्या पहिल्या आवृत्तीचा मोह आवर. हजार प्रती छापल्या की दर कमी दिसतो आणि उरलेल्या 600 प्रती प्रकाशकाच्या पलंगाखाली जातात.

लहान प्रकाशकांची जुनी पुस्तके बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकलेली असतात. ती युनिकोडमध्ये आणून देणे हे तुझे हुकमी उत्पन्न होऊ शकते, कारण ई-बुक आणि नवी आवृत्ती दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. रूपांतरात ठरावीक जागा बिघडतात: रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी सरकते, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला र तुटतो, ‘ॲ’ दोन तुकड्यांत येतो. या जागा शोधायची यादी एकदा बनवून ठेव. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात. आणि ल व श मराठी वळणाचे असलेला फॉन्ट घे.

संपादनात तुझी खरी कसोटी लागेल, आणि एम.ए.ला शिकवलेले इथे थोडे आड येईल. ‘मले’, ‘तुले’ दिसले की हात प्रमाणलेखनाकडे जातो. पारध्यांच्या, गोंडांच्या, वऱ्हाडी वस्तीच्या आत्मकथनातली बोली इस्त्री करून गुळगुळीत केली तर पुस्तक मेलेच. पण लेखकाने जे जसे लिहिले तेच छापायचे, हाही आळस आहे. प्रत्येक हस्तलिखितासाठी शब्दसूची कर. एकच शब्द तीन प्रकारे आला असेल तर लेखकाला वाचून दाखव, त्याच्या उच्चाराला जवळचे रूप ठरव आणि शेवटपर्यंत पाळ. निवेदन आणि संवाद यांना वेगळे नियम चालतात, तेही लिहून ठेव. बोलीतले शब्द अवतरणचिन्हांत कोंडू नकोस. ज्यांचे पुस्तक आहे त्यांनाच त्यामुळे पाहुण्यासारखे वाटते. मुद्रिते किमान तीन वेळा तपास, आणि त्यांतले एक वाचन पडद्यावर नाही, कागदावर.

करारात ढिलाई नको. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखीच हवे. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नाही तर भारत असे धरले जाते, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो. करारात वेगळे लिहिले असेल तरच टिकतो. भाषांतर, ई-बुक, श्राव्य पुस्तक हे हक्क लेखकाकडे की प्रकाशकाकडे, ते नाव घेऊन लिहा. दलित आत्मकथनांना इंग्रजी भाषांतराची मागणी येते, तेव्हा हाच कागद शोधला जातो. नागपूरचे पँथर्स पॉ हे प्रकाशन 2016 पासून अशी भाषांतरे काढते, कोलकात्याचे आदिवाणी 2012 पासून आदिवासींचे लेखन. दोन्हींची पुस्तके विकत घे आणि हक्काचे पान आधी वाच.

बाबासाहेबांचे लेखन हा आपल्या स्टॉलचा कणा, पण ‘सगळे मुक्त झाले’ हा समज अर्धाच खरा आहे. हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन 1 जानेवारी 2017 पासून मुक्त आहे. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या मजकुराची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, आणि मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. फुल्यांचे लेखन खुले आहे. अण्णाभाऊ साठे 1969 मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क 2029 संपेपर्यंत चालू आहे; परवानगीशिवाय छापलेली स्वस्त आवृत्ती विकायलाही ठेवू नकोस.

बाकीचे कागद सोपे आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठव. कागदी आणि ई-आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण म्हणूनच कागद-छपाईवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धर. लेखकाच्या मानधनावरच्या रिव्हर्स चार्जबद्दल (कर लेखकाऐवजी प्रकाशकाने भरण्याची पद्धत) प्रकाशकाच्या अकाउंटंटला विचार. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीसाठी पुस्तके मुदतीत पाठवणे आणि साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना, ही दोन कामे लहान प्रकाशकांच्या हातून वेळेअभावी सुटतात. तू ती तारखा लावून करू शकतेस.

शिक्षण म्हणशील तर इग्नूचा पुस्तक प्रकाशनाचा पदव्युत्तर डिप्लोमा घरी राहून होतो. नॅशनल बुक ट्रस्टचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. पण एक्सेल आणि इनडिझाइन त्याआधी.

बाबांना बी.एड.साठी सरळ नाही म्हणू नकोस, त्यांना आकडे दाखव. अठरा महिन्यांची मुदत माग. तोवर तीन प्रकाशक लेखी कराराने जोडलेले हवेत, दिलेल्या मालाच्या निम्म्याहून अधिक रक्कम सहा महिन्यांत वसूल होत असली पाहिजे, आणि तुझ्या हाती पडणारा महिन्याचा पैसा तुझ्या जेवणा-प्रवासाचा खर्च भागवणारा हवा. यातले एक जरी नसेल तर बी.एड.चा फॉर्म भर आणि पुस्तकांचे काम सुट्टीत कर. बाबांनी कंडक्टरकी केली असेल तर रोजची रोकड आणि तिकिटे जुळवण्याचा सराव त्यांना तुझ्यापेक्षा जास्त असणार. चलनबुक तपासायचे काम त्यांनाच दे.