चिठ्ठीने ठरणारा उपचार

प्रश्न : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील नव्या औषधाच्या चाचणीसाठी आमच्या गावात नावे घेत आहेत. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टर नव्हे, तर चिठ्ठी ठरवणार म्हणतात. हा अन्याय नाही का?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. परंतु निवड डॉक्टरांवर सोडली, तर नकळत धडधाकट रुग्ण नवे औषध मिळणाऱ्या गटात आणि खंगलेले ते न मिळणाऱ्या गटात जाऊ शकतात, आणि मग दिसलेला फरक औषधाचा की मुळातल्या प्रकृतीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत क्षयाच्या १०७ रुग्णांचे गट बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनी ठरले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. पाकिटातले डॉक्टरांना आधी कळले असते, तर या आकड्यांवर विसंबता आले नसते.

मात्र नवे औषध न मिळणाऱ्या गटातील गरजूंना हायड्रॉक्सियुरियासारखा प्रचलित उपचार मिळालाच पाहिजे. तो नाकारून टाकलेली चिठ्ठी मला मान्य नाही. सही करण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या भारतातील औषध-चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंदणी क्रमांक अवश्य विचारा, संमतीपत्र मराठीत किंवा गोंडीत समजावून घ्या. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे.