एका वेळी किती विणकामं सुरू ठेवता? आणि मैत्रिणींना हाताने विणलेलं काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की विणकाम शिकून सहा महिने झालेत, तीन जवळच्या मैत्रिणींना तीन स्वेटर विणून द्यायचं ठरवलंय, तिन्ही सुरू केलेत आणि तिन्ही अर्धवट पडलेत, आता एकेकच करावं की असंच चालू ठेवावं आणि मुळात स्वेटर द्यावा की दुसरं काही. आधी किती वेळ लागतो तो हिशोब सांगते, मग माझ्या सुयांवर आत्ता काय आहे ते.

मध्यम जाडीची लोकर, 4 मिमीची सुई, 10 सेंटिमीटरात 22 टाके, असं धरलं तर मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण 110 टाके लागतात आणि वरती कमी करत गेलं तरी पूर्ण टोपीत एकूण 6000 च्या आसपास टाके होतात. स्वेटरला पाठ, पुढची बाजू, दोन बाह्या आणि गळा धरून 50,000 च्या वर जातात. मिनिटाला 25 टाके असा सवयीचा हात असेल तर टोपी चार तासांत होते आणि स्वेटरला तेहेतीस-चौतीस तास नुसतं विणायला, शिवण, टोकं लपवणं, धुवून आकार देणं हे वेगळं. म्हणजे तुमचे तीन स्वेटर झाले शंभर तास, आणि नवीन हाताला त्याच्या दुप्पट धरा. रोज एक तास बसलात तरी सहा-सात महिने. त्यामुळे ते अर्धवट पडलेत यात तुमचं काही चुकलं नाहीये, कामच तेवढं मोठं आहे.

माझ्याकडे कायम तीनच कामं सुरू असतात, चौथं आलं की एक तरी संपवायचं किंवा सरळ उसवून लोकर मोकळी करायची. तीन का, तर तिन्ही वेगवेगळ्या वेळेला लागतात म्हणून. एक हातात बसणारं, बाहेर नेता येणारं, जे न बघता होतं. एक डोकं लावून करायचं, ज्याला शांतता लागते. आणि एक मोठं, मांडीवर घेऊन बसायचं, ज्यात नुसती सुलट ओळ, परत सुलट ओळ असं तासभर चालतं आणि दिवसभराचा थकवा उतरतो. तीन एकसारखे स्वेटर एकदम घेतले की त्यातला कुठलाच कुठल्या वेळेचा राहत नाही, तिन्ही एकाच जागी अडतात, बहुतेक मुंढ्यापाशी, कारण तिथे पहिल्यांदा मोजायला लागतं. तुमचे पण तिथेच अडले असतील असं मला वाटतं.

तर आत्ताची कामं. पहिलं, मोजे. एका मैत्रिणीची रात्रपाळी असते, तासन् तास उभं राहायचं काम, पाय गार पडतात म्हणाली होती. 64 टाके, 2.5 मिमीची सुई, मोज्यांची लोकर म्हणजे 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन, 100 ग्रॅमला साधारण 400 मीटर येते त्यात एक जोडी आरामात होते. नायलॉन हवंच बरं का, नुसत्या मऊ लोकरीचे मोजे टाचेत लवकर विरतात. दोन्ही मोजे मी एकाच लांब गोल सुईवर शेजारी शेजारी विणते, एका गुंड्याचं एक टोक आतून आणि एक बाहेरून घेऊन, कारण एक मोजा पूर्ण झाल्यावर दुसऱ्याला हात लावायचा कंटाळा येतो आणि एकटा मोजा वर्षभर डब्यात पडून राहतो हे विणणाऱ्या प्रत्येकीला माहितीये.

मला मोज्यात सगळ्यात आवडते ती टाच. 64 पैकी अर्धे, 32 टाके घ्यायचे, बाकीचे तसेच सुईवर थांबलेले, आणि या 32 वर मागे-पुढे 32 ओळी घालायच्या, सुलट बाजूला एक टाका न विणता नुसता उचलायचा आणि एक सुलट विणायचा, असं शेवटपर्यंत. उचललेल्या टाक्याच्या मागून धागा जातो त्यामुळे तिथली वीण दुहेरी जाड होते, आतून बोट फिरवलं तर बारीक रेघा लागतात. मग मध्यावर येऊन दोनाचा एक करत, अर्ध्या ओळीतून परत फिरत जायचं आणि चार-पाच फेऱ्यांनंतर सपाट कापडाला अचानक खोलगट वाटीसारखा आकार येतो. इतके मोजे विणले तरी त्या क्षणी मी हात थांबवून एकदा तळव्यात घेऊन बघतेच.

दुसरं काम शाल आहे, गोल, पातळ लोकरीची, आणि हिला मात्र शांतताच लागते. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या फार मोठ्या विणकाम-डिझायनर होऊन गेल्या, त्यांनी मांडलेल्या पद्धतीची आहे. मध्यावर 9 टाके घालून सुरू करायचं, मग 18, मग 36, 72, 144, 288 आणि शेवटी 576, मधे कुठेही एकही टाका वाढवायचा नाही. दोन वाढींमधल्या फेऱ्या पण दुप्पट होत जातात, 3, 6, 12, 24, 48 अशा. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, शाळेतलं तेच गणित, त्यामुळे शाल जमिनीवर पसरली की सपाट गोल बसते, कुठे चुणी नाही. मी आत्ता 288 वर आहे. या 48 फेऱ्यांत जाळीची नक्षी घातलीये आणि दर बारा फेऱ्यांनी सगळ्या टाक्यांतून एक पातळ सुती दोरा ओवून ठेवते, वेगळ्या रंगाचा. हे तुम्ही पण शिकून घ्या. जाळीत टाका सुटला तर तो नुसता एक घर खाली जात नाही, दोनाचा एक केलेले आणि धागा पुढे घेऊन केलेले सगळे एकमेकांत गुंतून निसटतात आणि क्रोशाच्या सुईने उचलता येत नाहीत. दोरा असला की बिनधास्त सुई काढायची, उसवायचं, धागा त्या दोऱ्यापाशी आपोआप थांबतो. गेल्या महिन्यात माझ्या नऊ फेऱ्या अशाच गेल्या, पण नऊच गेल्या.

तिसरं एका मैत्रिणीच्या होणाऱ्या बाळासाठी ब्लँकेट. दोन्हीकडून सुलट, काही नक्षी नाही, मऊ, मशीनमध्ये धुता येणारी लोकर. बाळाला द्यायचं असेल तर केसाळ लोकर नको, तिचे तंतू तोंडात जातात, बटणं-रिबिनी नकोत आणि बोट अडकेल अशी मोठी जाळी तर नकोच. आणि देताना सांगून द्यायचं की हे मांडीवर घेताना किंवा बाबागाडीत, आपण समोर असताना, झोपवताना नाही, कारण पहिलं वर्षभर झोपेत सुटं पांघरूण नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आता गिफ्टचं. माझं मत अगदी पक्कं आहे आणि ते एका टोपीमुळे झालं. पूर्वी मी सगळं गुपचूप विणायचे, सरप्राइज म्हणून. एका मैत्रिणीला शुद्ध लोकरीची टोपी दिली, वेण्यांची नक्षी, रंग तिला शोभेल असा, तीन आठवडे लागले होते मला तेव्हा. ती खूप खूश झाली. नंतर दोन हिवाळे गेले, कधी घातलेली दिसली नाही, मी पण विचारलं नाही. मग एक दिवस तिच्या घरी कपाटातून काहीतरी काढताना ती टोपी खाली पडली, हाताच्या मुठीएवढी झालेली, कडक, बोटाने दाबली तरी दबत नव्हती, वेण्यांच्या जागी नुसते उंचवटे. पहिल्याच धुण्यात मशीनमध्ये गरम पाण्याने गेली होती आणि ती बिचारी दोन वर्षं मला सांगायला घाबरत होती. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत, कापडाचा नमदा होतो, म्हणजे दाटून कडक जाड गोळा. हे मला माहिती होतं, तिला कसं माहिती असणार, आणि ती कपडे कसे धुते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. टोपीपेक्षा मला त्या दोन वर्षांचं जास्त वाईट वाटलं, की माझ्या भेटीमुळे तिला माझ्यापासून काहीतरी लपवावं लागलं.

तेव्हापासून मी सरप्राइज बंद केलं. सरळ विचारते, तुला विणून दिलं तर वापरशील का, काय वापरशील, हाताने धुशील की मशीनला टाकशील, अंगाला लोकर टोचते का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टोचतात, मेरिनो मेंढीची लोकर त्याच्यापेक्षा बरीच बारीक असते म्हणून ती गळ्याशी चालते, पण काहींना तीही चालत नाही, तर त्यांच्यासाठी सुती किंवा अ‍ॅक्रिलिक घ्या आणि त्यात काही कमीपणा मानू नका. मशीनवाल्यांसाठी सुपरवॉश लोकर मिळते, तिच्या तंतूवरचे खवले काढलेले किंवा लेप देऊन झाकलेले असतात, त्यामुळे नमदा होत नाही, पण ती धुतल्यावर लांब होते, म्हणून नमुना विणून तो धुवून मगच मोजायचा. आणि एखादी म्हणाली की नको गं, मी नाही वापरत, तर मनापासून बरं म्हणायचं. तिने खरं सांगितलं ही चांगलीच गोष्ट झाली ना.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तीन स्वेटर देऊ नका, निदान या वर्षी नको. स्वेटरला माप अचूक लागतं. 10 सेंटिमीटरात 22 ऐवजी 20 टाके आले तर 100 सेंटिमीटर छातीचा म्हणून घातलेले 220 टाके 110 सेंटिमीटर भरतात, चुकलं किती तर दोन टाके, आणि स्वेटर एक साइज मोठा. नवीन हात तर सुरुवातीला घट्ट असतो आणि सवय होत जाते तसा सैल पडतो, तुमची पाठ आणि पुढची बाजू आत्ता शेजारी ठेवून मोजून बघा, मला वाटतं फरक दिसेल. सुईचा नंबर पण तपासा, जुन्या ब्रिटिश नंबरात 8 नंबर म्हणजे 4 मिमी आणि अमेरिकन पॅटर्नमध्ये 8 नंबर म्हणजे 5 मिमी, शिवाय ब्रिटिशमध्ये नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकनमध्ये जाड. नेहमी मिमीच बघायचं.

तिघींपैकी जिला स्वेटर खरंच हवाय, जी थंडीत तो रोज घालेल, तिचा एकच पुढे न्या. बाकी दोन उसवा. हो, उसवा, जीवावर येईल पण लोकर वाया जात नाही. धागा लडीसारखा खुर्चीच्या पाठीला गुंडाळा, दोन-तीन ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून न पिळता टांगून वाळवा, कुरळेपणा बराचसा जातो. एका स्वेटरच्या लोकरीत दोन टोप्या आणि एक मोठा मफलर सहज बसेल. टोपीला माप थोडं चुकलं तरी चालतं कारण वीण ताणते, 56 सेंटिमीटर डोक्याला 50 सेंटिमीटरची टोपी नीट बसते. लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर मात्र जपून ठेवा, लोकर कमी पडली आणि दुसऱ्या लॉटची आणली तर तोच रंग असूनही जोड दिसतो.

आणि देताना सोबत दोन मीटर उरलेली लोकर आणि कसं धुवायचं त्याची चिठ्ठी द्या. मी देते. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने चार वर्षांपूर्वी दिलेले मोजे परत पाठवले, टाचेला भोक पडलंय, बरोबर ती दोन मीटर लोकर आणि माझीच जुनी चिठ्ठी, तिच्यामागे लिहिलेलं, हे परत घालता येतील का बघ, दुसरे नकोत, हेच हवेत. तळवा विरून नुसती जाळी राहिलीये, माझी उचलून विणलेली टाच सगळीकडे चांगली आहे फक्त मधे बोट जाईल एवढं भोक. आत लाकडी चमचा घालून ताणून बसवलेत, उभे धागे घालून झालेत, आज रात्री आडवे विणते.

तुमच्या त्या दोघी मैत्रिणींच्या डोक्याचं माप कपाळावरून कानांच्या जरा वरून टेप फिरवून घ्या आणि तुमच्या लोकरीचे 10 सेंटिमीटरात किती टाके येतात ते इथे लिहा, किती घालायचे ते मी सांगते.