“बी.एस्सी. तर कुणीही करतं, मॅडम”

जूनमध्ये नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पुढचे तीन आठवडे माझ्याकडे, एका करिअर समुपदेशकाकडे, एकच प्रश्न येतो, फक्त घरं बदलतात. हे त्यातलंच एक घर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चौघं आले होते. आई, वडील, मामा आणि मुलगी. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडला एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. मुलगी एक वर्ष लातूरला क्लासला राहून दुसऱ्यांदा नीट देऊन आलेली. बोलले मामाच.

“बायोला ३६० पैकी २७० आहेत, मॅडम. फिजिक्सनं घात केला. अजून एक वर्ष द्यायला आम्ही तयार आहोत. पण ही म्हणते, बी.एस्सी. करते, मग पर्यावरण. बी.एस्सी. तर कुणीही करतं, मॅडम. नोकरी कुठली लागणार?”

मामांचा राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. फी भरताना त्यांनीही हात लावला होता, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी मी जे केलं ते मला आज आवडत नाही. मी यादी म्हटली. प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प, वनखाते, मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार लागणारं पर्यावरण परिणाम मूल्यांकन, संशोधन. वडिलांनी ती लाइट बिलाच्या मागे लिहून घेतली, आभार मानले आणि चौघं उठले. जाताना मुलीचा चेहरा आला तेव्हा होता तसाच होता.

म्हणून दुसऱ्या वेळी तिला एकटीला बोलावलं. विचारलं, “कुणी न सांगता वाचलेला धडा कोणता?”

बराच वेळ गेला. मग म्हणाली, “इकॉलॉजी. क्लासमध्ये ते चार दिवसांत उरकलं. सर म्हणाले, सोपे मार्क आहेत, घरी वाचा.” थोडं थांबून तिनेच पुढे विचारलं, “पर्यावरणाच्या समस्यांचा धडा तर काढूनच टाकलाय ना, मॅडम?” खरं होतं. बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्रातून तो २०२२ मध्ये वगळला गेला. तिने तो चुलतभावाच्या जुन्या पुस्तकातून वाचला होता. परीक्षेत येणार नाही हे माहीत असताना, लातूरच्या खोलीत, रात्री.

डॉक्टर व्हायचं होतं का, यावर म्हणाली, “आठवीपासून घरात म्हणतात, म्हणून मीपण म्हणायचे.”

आणि मग नाल्याची गोष्ट निघाली. पप्पांच्या डाइंगमागे एक नाला. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा पाण्याच्या रंगावरून तिला ऑर्डर ओळखता यायची. लाल पाणी म्हणजे लाल चादरींचा लॉट, म्हणजे पप्पा उशिरा येणार. तिला वाटायचं सगळे नाले असेच असतात.

मी मनात ठरवून टाकलं की ही निसर्गप्रेमी मुलगी आहे. (समुपदेशकाला अशा घाईची फार हौस असते.) तिला दोन कामं दिली. एक, सकाळी लवकर नान्नजला जाऊन ये. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य, बार्शी रोडला, शहरापासून अगदी जवळ. दोन, माझ्या ओळखीच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत तीन-चार दिवस नुसती बसून ये. साखर कारखान्यांचा हंगाम संपलेला होता, नाहीतर तिथल्या सांडपाणी प्रकल्पावरच पाठवलं असतं.

परत आली तेव्हा नान्नजबद्दल एवढंच म्हणाली, “काळवीट दिसले. माळढोक नाही दिसला. ऊन फार होतं.” माळढोक आता तिथेही जवळजवळ दिसेनासा झालाय, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण गवताळ माळरान, लांडगे, खोकड, ज्यासाठी मुलं डोळे विस्फारतात, त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं.

प्रयोगशाळेबद्दल मात्र वीस मिनिटं बोलत होती. पाण्याचा नमुना बाटलीत घट्ट बंद करून तीन दिवस २७ अंशांवर ठेवायचा. आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. आधी किती ऑक्सिजन होता आणि तीन दिवसांनी किती उरला, यातला फरक म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंनी घाण खाताना किती श्वास घेतला. “म्हणजे मॅडम, पाण्याची भूक मोजतात.” बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाचं, इतकं चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. तिची पहिली बाटली बुडबुड्यामुळे वाया गेली होती, ते सांगतानाही ती हसत होती.

तिला जंगल नको होतं, तिला बाटली हवी होती. हे कळल्यावर बाकीचं सोपं झालं, आणि ते मी चौघांसमोर सांगितलं.

पदवीलाच “पर्यावरणशास्त्र” हे नाव शोधत फिरू नका. मेजर केमिस्ट्री घ्या, मायनर बॉटनी किंवा झूऑलॉजी. एक कारण तिची आवड. दुसरं कारण फार कमी पालकांना माहीत असतं: यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक असावा लागतो, आणि त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. नुसत्या पर्यावरणाची पदवी घेऊन तिसऱ्या वर्षाला हे समजलेला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. आज वनसेवा नको असेल, पण दार आपणच का लावून घ्यायचं? एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेता येतं, आणि त्यासाठी पुणं गाठायलाच हवं असंही नाही. केगावला आपलं सोलापूर विद्यापीठ आहे.

मामांना म्हटलं, तुमचं बरंचसं बरोबर आहे. साध्या बी.एस्सी.वर थांबली तर पगार इथल्या लूमवरच्या चांगल्या कारागिराइतकाही सुरुवातीला मिळेल असं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जागा निघतात, पण दरवर्षी निघतील या भरवशावर बसू नये. एम.एस्सी., जोडीला नेट किंवा गेटसारखी परीक्षा, आणि दर सुट्टीत कुठल्यातरी प्रयोगशाळेत हात काळे करणं, एवढं पाच वर्षांचं गणित आहे. आकडेमोडही सुटत नाही. फिजिक्स गेलं तरी स्टॅटिस्टिक्स येतंच. तिसऱ्या नीटचं एक वर्ष आणि ही पाच वर्षं, यात निवड तुमची.

मामा म्हणाले, “विचार करतो.” त्यांनी केलाही, पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, प्रवेशाची शेवटची तारीख विचारायला.

पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. उठता उठता वडील पहिल्यांदा बोलले, माझ्याशी नाही, तिच्याशी.

“आमच्याकडं रिअॅक्टिव्ह रंगाला मीठ लागतं. पोत्यानं. कपड्यावर रंग धरावा म्हणून. टाकीत पावडर टाकली की रंग खाली बसतो, पाणी निवळ दिसतं. साहेब लोक येतात, बघतात, जातात.” मग जरा अडखळत, “पण मीठ कुठं जातं गं?”

तिने दाराशीच वही उघडली आणि प्रश्न लिहून घेतला. “माहीत नाही पप्पा,” म्हणाली. “एका लॉटला किती पोती?”

जिना उतरेपर्यंत दोघांचा हिशेब चालू होता.