छिद्रे भरपूर, वीज कमी

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी तळ्यातल्या गाळावर चालणारा सूक्ष्मजैविक विद्युतघट (गाळातल्या जिवाणूंकडून वीज मिळवणारा घट) केला. ॲनोडला (गाळात पुरलेला, जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेणारा ध्रुव) कार्बन फेल्टऐवजी (कार्बनच्या धाग्यांचे नमद्यासारखे कापड) सक्रिय कोळशाचे दाणे घातले. त्यात छिद्रे कितीतरी जास्त, तरी वीज कमी का?

उत्तर : कारण ती छिद्रे जिवाणूंच्या उपयोगाची नाहीत. एक ग्रॅम सक्रिय कोळशाचे पृष्ठफळ 1000 चौरस मीटरच्या आसपास भरते खरे, पण त्याचा बहुतेक भाग 2 नॅनोमीटरहून लहान छिद्रांत असतो. वीज देणाऱ्या जिओबॅक्टर या जिवाणूची रुंदीच सुमारे 500 नॅनोमीटर. तो आत शिरणार कसा? फेल्टच्या धाग्यांमधल्या फटी त्याहून कितीतरी मोठ्या असतात, तिथे जिवाणूंचा थर जमतो आणि अन्नही पोचते. शिवाय दाणे एकमेकांना जेमतेम टेकतात, त्यामुळे रोध वाढतो.

5 मिमी जाडीचा फेल्ट घ्या. नवा फेल्ट पाण्याने पटकन भिजत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, मग पाण्याखाली दाबून हवा काढा, चांगला धुवा. गाळात 4-5 सेमी खोल पुरा. त्याहून वर ठेवला तर तिथे ऑक्सिजन पोचतो आणि जिवाणूंचे इलेक्ट्रॉन ॲनोडऐवजी त्याच्याकडेच जातात. तार टायटॅनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी. तांबे मुळीच नको: ते जिवाणूंना मारते आणि गंजताना स्वतःच प्रवाह देते, तो जिवाणूंचा वाटतो. 1000 ओहमचा रोध जोडलेलाच ठेवा आणि दोन-तीन आठवडे थांबा.