घड्याळाला हात लावायच्या आधी झोन बघा

प्रश्न: ताई, मी ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यासाठी वापरलेला लॅपटॉप घेतलाय, विंडोज 11 आहे. त्याचं घड्याळ चुकतं म्हणून मी दरवेळी हाताने बरोबर लावते. पण सकाळी 10 ला आलेला मेल आदल्या रात्रीचा साडेनऊचा दिसतो, कॅलेंडरमधले क्लासपण तसेच, आणि थोड्या वेळाने घड्याळ आपोआप परत साडेनऊवर जातं. व्हायरस असेल का? — एक वाचक, वाई

उत्तर: व्हायरस नाहीये, घाबरू नका. तुम्हीच दिलेल्या आकड्यात उत्तर आहे, सकाळचे 10 आणि आदल्या रात्रीचे साडेनऊ म्हणजे साडेबारा तासांचा फरक, आणि उन्हाळ्यात आपण कॅलिफोर्नियाच्या बरोब्बर तेवढेच पुढे असतो (हिवाळ्यात साडेतेरा, कारण ते घड्याळं तासभर मागे घेतात, आपण नाही घेत). म्हणजे लॅपटॉपचा टाइम झोन (कुठल्या भागाची वेळ दाखवायची ते) पॅसिफिकवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वेळेवर राहिलाय. अमेरिकन इंग्लिशमधलं विंडोज टाकून कोणी झोन बदललाच नाही की असं होतं, वापरलेल्या मशीनमध्ये तर फारच.

आता हाताने वेळ बदलून काय होतं बघा. विंडोज इंटरनेटवरून यूटीसी म्हणजे जागतिक वेळ घेतं आणि त्यात झोनचा फरक मिळवून तुम्हाला दाखवतं, मेल आणि कॅलेंडरचंही तेच. तुम्ही फक्त दिसणारा आकडा बदललात, झोन तोच राहिला, त्यामुळे मशीनला वाटतं कॅलिफोर्नियात सकाळचे 10 वाजलेत, मग पुढचं सिंक झालं, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळेशी ताडून पाहिलं, की ते बिचारं वेळ परत "दुरुस्त" करतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की आकड्याला हात लावू नका, आधी झोन.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे डेट अँड टाइम. झोन आपोआप ठरवायचा स्विच चालू असेल तर बंद करा, यादीतून यूटीसी+05:30 चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली निवडा. आत्ता घड्याळ हाताने लावलेलं असेल तर हे केल्या केल्या ते साडेबारा तास पुढे उडी मारेल, तेव्हा पुन्हा हाताने मागे आणायचा मोह होईल, आणू नका! वेळ आपोआप लावायचा स्विच चालू करा आणि सिंक नाऊ दाबा. क्लासच्या वेळा आपोआप जागेवर येतील, फक्त झोन चुकीचा असताना तुम्ही स्वतः टाकलेले क्लास एकदा तपासा, नाहीतर मुलं वाट बघत बसतील.

प्रश्न: आमचा जुना डेस्कटॉप रोज सकाळी काही वर्षं मागची तारीख दाखवतो, बँकेची साइट सुरक्षित नाही म्हणते. — एक वाचक, परभणी

उत्तर: रात्री बोर्डाचं बटण बंद करत असाल ना? मग मदरबोर्डवरची (कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किटवरची) बॅटरी गेलीय. वीज नसताना तीच घड्याळ चालू ठेवते. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, सुरुवातीची आणि संपायची तारीख असते, तुमचं मशीन त्या सुरुवातीच्याही मागे असेल तर ब्राउझर अडवणारच, तो इशारा डावलून पुढे जाऊन पासवर्ड मात्र टाकू नका. दुकानात सीआर 2032 मागा, 3 व्होल्टची बटणासारखी बॅटरी असते, बहुतेक डेस्कटॉपला तीच लागते. वायर काढून मगच कॅबिनेट उघडा, अधिकची खूण वर ठेवून बसवा. नंतर तारीख एकदा हाताने लावा, कारण फरक वर्षांचा असला की सिंक बऱ्याचदा अडतं.