आजचा रुमाल धुऊ नका

‘मी ५२ वर्षांची. वैशाखात मुलीचं लग्न. रुखवत, मानपानाच्या साड्या, सगळं माझ्या गळ्यात, जाऊबाईंनी आत्ताच हात वर केलेत. त्यात दिवाळीपासून डाव्या बाजूला ब्लाउजला आतून तांबूस डाग पडतो. रुमालाची घडी ठेवते, धुऊन परकराखाली वाळत घालते. दुखत काही नाही, लग्न झालं की बघेन. जाऊबाईंशी कसं वागू?’
– एक आई, सातारा

ताई, चार पानांतली साडेतीन पानं तुम्ही जाऊबाईंना दिलीत. त्यांच्याबद्दल मी आज एक अक्षर लिहिणार नाही. माझा जीव त्या रुमालात अडकलाय.

मोरीचं दार लावून धुवायचा, दोरीवर कुणाला दिसू नये म्हणून परकराखाली टाकायचा, सकाळी पुन्हा घडी घालायची. तीन महिने! साधं वाटत असतं तर तुम्ही ते इतक्या निगुतीनं लपवलं असतं का?

आणि ‘दुखत नाही’ म्हणून निर्धास्त राहिलात, याचा मला राग येतो. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. एकाच बाजूनं, न दाबता, रक्ताच्या रंगाचं पाणी येत असेल तर ते तपासायलाच हवं. पुष्कळदा तो कॅन्सर नसतो. दूधनलिकेत छोटीशी साधी गाठ वाढलेली असते, ती काढली की झालं. पण तुमचं यातलं कुठलं, हे डाग बघून ना तुम्हाला कळेल, ना मला.

डॉक्टर आधी हातानं तपासतील, काखेतसुद्धा. मग मॅमोग्राफी. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात, कळ येते आणि सुटते. सोनोग्राफी होईल, शंका वाटली तर सुईनं तुकडा घेतील. सुई लागली की कॅन्सर पसरतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते खरं नाही. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईत दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याजणींना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत होत्या. तेवढ्यानं पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तिथं गाठ हातानं चाचपून शोधावी लागत होती, ताई. तुम्हाला तर रोज सकाळी डाग दिसतोय.

व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय, ही धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण ‘लग्न झालं की’मध्ये ती आहे. म्हणून सांगते, लवकर सापडलं तर बहुतेक वेळा स्तन काढावा लागत नाही. गाठ काढतात आणि वर रेडिएशन देतात. खर्चाला महात्मा फुले योजना आहे.

सोमवारी सिव्हिलमध्ये सर्जरीच्या ओपीडीत जायचं. तोवर पिळून बघू नका. आजचा रुमाल धुऊ नका, तसाच पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, रंग त्यांना बघू दे. सोबत मिस्टर नकोत, लेक हवी. आज रात्री ती मेंदीचे नमुने बघत बसेल तेव्हा शेजारी बसा आणि सगळं सांगा. रडली तर रडू दे. सोमवारी केसपेपरच्या रांगेत तिलाच उभी करा.